कर्णनाद : संज्ञा, स्वरूप आणि स्वाभाविक उपचार

बाहेर कोणताही ध्वनी नसताना कानात अथवा मस्तकात ध्वनी ऐकू येणे यास वैद्यकात कर्णनाद म्हणतात. जगभरातील पाहण्यांचे जे एकत्रित परीक्षण २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यानुसार प्रौढांपैकी सुमारे १४ टक्के लोकांस हा अनुभव येतो. एवढ्या व्यापक अनुभवाला मराठी बोलीत एक निश्चित नाव नाही. जी नावे आहेत ती परस्परांशी जुळत नाहीत. ही केवळ कोशकाराची अडचण नव्हे. रुग्ण जो शब्द योजतो त्यावर त्याचे म्हणणे कसे ऐकले जाते हे पुष्कळदा अवलंबून असते. आणि तो स्वतः त्या नादाकडे कोणत्या दृष्टीने पाहतो, हेही.

नागपुरातील धंतोली या दृष्टीने लक्षणीय आहे. रुग्णालयांच्या दाटीसाठी ही वस्ती प्रसिद्ध असून तेथे कर्णनाद हा तपासण्याचा व उपचाराचा विषय आहे. त्याच वस्तीत १९२८ पासून रामकृष्ण मठ आहे. या मठाने मराठीत आणलेल्या ‘श्रीरामकृष्ण-वचनामृता’त अनाहत शब्दाचा विचार येतो, आणि तेथे बाह्य कारणावाचून उमटणारा नाद हा साधनेचा विषय होतो. अंतरीच्या नादाकडे पाहण्याच्या दोन परंपरा अशा एकाच वस्तीत नांदत आहेत.

१. संज्ञांचा विचार

बोलीतील सर्वपरिचित प्रयोग ‘कान वाजणे’ हा होय. यात ‘वाजणे’ या अकर्मक क्रियापदाचा कर्ता कानच आहे. घंटा वाजते तसा कान वाजतो. परंतु या प्रयोगास दुसरा अर्थही चिकटला आहे. ‘माझे कान वाजले असतील’ याचा अर्थ ‘मला भास झाला असेल’ असा होतो. त्यामुळे ‘डॉक्टर, माझे कान वाजतात’ असे सांगणारा रुग्ण नकळत स्वतःच्या तक्रारीवर संशयाची छाया पाडतो, आणि घरची माणसे तर ‘तुला उगीच वाटते’ म्हणून मोकळी होतात.

याउलट मराठीतील अनुकरणवाचक शब्द फार उपयोगी आहेत. रातकिड्यासारखी किर्र किंवा बारीक शिट्टी ही उच्च पट्टीतील नादाची वर्णने होत. वार्धक्याने अथवा गोंगाटाने ऐकू येणे कमी झाले असता बहुधा असाच नाद येतो. घों घों किंवा घूं घूं हा खालच्या पट्टीतील नाद. त्याच्या जोडीला चक्कर येत असेल आणि ऐकणे कमीजास्त होत असेल, तर वैद्यास आंतरकर्णाच्या विशिष्ट विकाराचा विचार करावा लागतो. नाडीच्या ठोक्याबरोबर होणारी धडधड रक्तवाहिन्यांकडे लक्ष वेधते, तर टकटक असा तुटक आवाज कानाच्या वा घशाच्या स्नायूंकडे. म्हणजे ‘कान वाजतो’ यापेक्षा ‘उजव्या कानात रात्रंदिवस किर्र होते’ हे वाक्य निदानास अधिक जवळचे आहे.

संस्कृत वैद्यकाने हा भेद पूर्वीच ओळखला होता. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातील २८ कर्णरोगांत प्रणाद आणि क्ष्वेड हे निरनिराळे गणले आहेत. माधवनिदानात कर्णनादासाठी भेरी, मृदंग व शंख यांचे, तर कर्णक्ष्वेडासाठी वेणूच्या स्वराचे उपमान दिले आहे. आता साधारण पंधराव्या शतकातील ‘हठयोगप्रदीपिका’ पाहावी. नादानुसंधानाच्या वर्णनात प्रथम समुद्र, मेघ व भेरी, पुढे मर्दल, शंख व घंटा, आणि अखेरीस किंकिणी, वेणू, वीणा व भ्रमर यांचे ध्वनी क्रमाने येतात. भेरी, शंख व वेणू दोन्ही परंपरांत सामाईक आहेत. एका परंपरेने ज्याची गणना रोगात केली, त्यासारख्याच नादाला दुसरीने साधनेतील प्रगतीची खूण मानले. दोन्ही अनुभव एकच आहेत असे यावरून सिद्ध होत नाही. परंतु नादाचे उपमान तेच राहूनही त्याचा मनाशी असलेला संबंध पालटू शकतो, एवढे निश्चित दिसते.

२. नादाचे स्वरूप

या निष्कर्षास प्रयोगाचाही आधार आहे. हेलर व बर्गमन या अमेरिकन संशोधकांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, चांगले ऐकू येणाऱ्या ८० व्यक्तींना अत्यंत निःशब्द अशा खोलीत बसविले. त्यांपैकी ९४ टक्के व्यक्तींना काही ना काही ध्वनी ऐकू आले, आणि त्यांची वर्णने कर्णनादाच्या रुग्णांच्या वर्णनांशी मिळतीजुळती होती. श्रवणयंत्रणा पूर्ण स्वस्थ अशी कधी नसतेच. एरवी बाहेरील ध्वनी तिची अंतर्गत हालचाल झाकून टाकतात.

आंतरकर्णातील केशपेशी गोंगाट, वय अथवा काही औषधे यांमुळे क्षीण झाल्या, की मेंदूकडे जाणारे संदेश उणावतात. ही उणीव भरून काढण्यासाठी मेंदूतील श्रवणकेंद्रे आपली संवेदनक्षमता वाढवितात आणि त्यातून नाद जाणवू लागतो, असे आज बहुतेक संशोधक मानतात. जॅस्ट्रेबॉफ यांनी १९९० मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार नाद आणि त्रास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेंदू नादास धोक्याची सूचना समजला, तर भीती आणि अवधान वाढते, आणि अवधान वाढले की नाद अधिक जाणवतो. तेव्हा कर्णनाद हा भास नव्हे. अनुभव खरा आहे, केवळ त्याचा उगम बाहेर नाही.

३. स्वाभाविक उपचार

घरगुती उपचारांत कानात तेल घालण्याचा मान पहिला. चरकाने कर्णपूरणाची शिफारस दिनचर्येत केली आहे, आणि बिल्वतेल आजही वापरात आहे. साचलेला मळ मऊ होऊन निघाल्यास त्या मळामुळे होणारा नाद थांबू शकतो. परंतु आंतरकर्णातील क्षीण पेशींपर्यंत हे तेल पोहोचत नाही. पडद्यास छिद्र असल्यास, कान वाहत असल्यास किंवा लसूण घालून कढविलेले तेल गरम असतानाच ओतल्यास अपाय होतो. काडी अथवा पिन घालून कान कोरणे तर सर्वथा वर्ज्य.

वनस्पतिजन्य औषधांविषयी आशा पुष्कळ, आधार थोडा. गिंको, मेलॅटोनिन व जस्त यांची शिफारस कर्णनादासाठी करू नये, असा निर्णय अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संस्थेने २०१४ मध्ये दिला. ज्या मार्गांनी त्रास उणावतो ते साधे आहेत. पहिला, निःशब्दता टाळणे. फ्रेंच वैद्य इतार यांनी १८२१ मध्येच, ओले लाकूड जळतानाच्या सूंसूं आवाजासारखे सौम्य ध्वनी रुग्णाच्या सोबतीस ठेवावे असे सुचविले होते. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरचा घरघराट हेच काम नकळत करतो. पावसाळ्यात कूलर बंद झाल्यावर नाद अधिक जाणवू लागला, तर तो रोग बळावल्याचा पुरावा नव्हे. अशा वेळी पंखा किंवा मंद संगीत पुरते. मात्र ते नादापेक्षा मोठे नसावे.

दुसरा मार्ग मनाचा ताण उतरविण्याचा. नियमित झोप आणि संथ श्वसन यांचा हेतू नाद बुजविणे हा नसून भीती शमविणे हा आहे. भ्रामरी प्राणायामही याच हेतूने करावा. सुश्रुताने कर्णरोगांत श्रम टाळण्यास आणि फार न बोलण्यास सांगितले आहे, त्याचा रोखही विश्रांतीकडेच दिसतो. विचारांची दिशा पालटणाऱ्या मानसोपचाराने त्रास कमी होऊ शकतो, असे २०२० मधील व्यापक परीक्षणात आढळले. ऐकू कमी येत असल्यास श्रवणयंत्राने दोन्ही गोष्टी साधतात.

काही प्रसंगी मात्र घरगुती उपचारांत वेळ दवडू नये. एकाएकी ऐकू येईनासे होणे, नाद एकाच कानात असणे, तो नाडीबरोबर ठोके देणे, अथवा त्यासोबत चक्कर किंवा तोंडाचा लकवा येणे, ही लक्षणे असता तज्ज्ञाकडे जाणे अवश्य आहे. आकस्मिक बहिरेपणावरील उपचार पहिल्या काही दिवसांतच विशेष गुणकारी ठरतात.

प्रतिबंधाचा मार्गही आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी शांतता क्षेत्रासाठी दिवसा ५० व रात्री ४० डेसिबल अशी मर्यादा घातली आहे. रुग्णालये व शाळा यांचा परिसर हे अशा क्षेत्राचे मुख्य उदाहरण. धंतोलीसारख्या वस्तीत या नियमाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

कर्णनाद समूळ नाहीसा करणारे औषध आज उपलब्ध नाही. पण तो असूनही निर्वेधपणे जगता येते, आणि पुष्कळांच्या बाबतीत कालांतराने तो अवधानाबाहेर जातो. त्याची सुरुवात रुग्णाने ‘कान वाजतो’ एवढ्यावर न थांबता कोणता नाद, कोणत्या कानी व केव्हा हे नेमके सांगण्यात, आणि ऐकणाऱ्याने तो भास न मानण्यात आहे.