बरे होणे आणि सावरणे

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मुरुम-उमरगा परिसरातील ज्येष्ठ वाचकांना वेगळी सांगावी लागत नाही. किल्लारीच्या भूकंपात पडलेली घरे पुढे उभी राहिली. पण मन उभे राहण्यास किती काळ लागतो, हे ज्यांनी आप्त गमावले त्यांनाच ठाऊक.

योगायोगाने त्याच वर्षी विल्यम अँथनी या अमेरिकी पुनर्वसनतज्ज्ञांनी एक विचार मांडला. मानसिक आजाराच्या काही मर्यादा उरल्या, तरी माणूस समाधानाचे, आशेचे आणि इतरांच्या उपयोगी पडणारे जीवन जगू शकतो. यालाच आपण सावरणे म्हणू.

असे सावरलेल्यांचे अनुभव काय सांगतात? त्यांवरील अभ्यासांतून २०११ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी पाच सूत्रे काढली: माणसांशी नाते, उद्याची आशा, ‘रुग्ण’ या शब्दापलीकडची ओळख, जगण्यातला अर्थ आणि स्वतःच्या निर्णयावर स्वतःचा अधिकार. औषधे आवश्यक असतातच. पण केवळ त्यांनी ही पाचही सूत्रे साधत नाहीत. येथेच आपले काम सुरू होते.

‘गोळी घेतलीस का?’ हे आपण रोज विचारतो. त्याच्याच जोडीला ‘आज काय करावेसे वाटते?’ हेही विचारावे. डॉक्टरांसमोर प्रथम त्यालाच बोलू द्यावे. गोळीने गुंगी येते असे तो म्हणाला, तर तो आळस समजू नये. डॉक्टरांना सांगावे, मात्र औषध परस्पर बंद करू नये. लग्नकार्यातून त्याला वगळू नये. घरातले एखादे काम विश्वासाने त्याच्याकडे सोपवावे.

सरकारी सेवा हा उपकार नव्हे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार तो प्रत्येकाचा हक्क आहे. आवश्यक यादीतील औषधे ग्रामीण रुग्णालयाच्या स्तरापासून वरच्या सर्व सरकारी संस्थांत विनामूल्य मिळावीत, असे हा कायदा सांगतो. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची चौकशी करावी. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर घरबसल्या, विनाशुल्क समुपदेशन मिळते. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा कानी आली, तर एकट्यास सोडू नये. तत्काळ मदत घ्यावी.

आणि शेवटी तो प्रश्न, जो वृद्ध आईवडिलांना रात्री जागवतो: आमच्यामागे याचे कोण? कायद्याने एक आधार दिला आहे. कोणतीही सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर, सहीने वा अंगठ्याने, आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकते. त्या प्रतिनिधीची लेखी संमती मात्र हवी. उपचारांचे निर्णय घेताना हा प्रतिनिधी तिच्या बाजूने उभा राहतो. या कागदाने पोटापाण्याची सोय होत नाही, हे खरे. पण तिचा शब्द निराधार राहत नाही.

प्रतिनिधी कोण असावा, हे मात्र आपण ठरवू नये. तिलाच विचारावे. सावरण्याचा आरंभ अनेकदा अशा एका प्रश्नानेच होतो.