पांढरी चार, रात्री अडीच वाजता

रात्री अडीच वाजता वडिलांचा फोन आला की पोटात काय होतं, ते वेगळं सांगायला नको. मी वाकडच्या फ्लॅटवर लॅपटॉप मांडीवर घेऊन डेडलाइन ढकलत बसले होते. धडधडत फोन उचलला, तर पलीकडे बाबा चक्क खूश!

'अगं, आपोआप वाजला! मी कॉटवर, दोन्ही हात पांघरुणात. आणि पांढरी चार वाजली. चांगली जोरात!'

घरातला कीबोर्ड रात्री एकटाच वाजला, तर कुणाचीही तंतरेल. बाबांना आनंद व्हायचं कारण वेगळं होतं.

आमचं घर देहूरोडला. बाबा डेपोतून रिटायर झाले आणि त्या पैशांतून त्यांनी स्वतःसाठी एकच गोष्ट घेतली. पाच सप्तकांचा, तबला-ढोलकीचे ठेके असलेला कीबोर्ड. तेव्हापासून ते भीमगीतांच्या ग्रुपमध्ये वाजवतात. देहूरोडच्या बुद्ध विहारात 25 डिसेंबर 1954 रोजी बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्ती बसवली गेली. त्यामुळे आमच्या गावात 25 डिसेंबर म्हणजे एकीकडे चर्चमध्ये ख्रिसमस आणि दुसरीकडे विहाराकडे लोटलेली गर्दी. कलाकार मंडळींचा दिवाळी-दसरा तोच.

तर यंदा प्रॅक्टिसमध्ये मध्येच एक भलताच सूर वाजायला लागला. ढोलकीवाले काका म्हणाले, 'बाबा, हात लागतोय तुमचा.' एकदा, दोनदा, पाचदा. चौसष्टाव्या वर्षी असं कुणी म्हटलं की माणूस आपल्या बोटांकडेच संशयाने बघायला लागतो. बाबांनी मला न सांगता ठरवूनही टाकलं होतं, या वर्षी खुर्ची एका कॉलेजच्या पोराला द्यायची. आता कळलं, रात्रीच्या त्या एका सुराने ते का खुलले?

दुसऱ्या दिवशी ॲक्टिव्हा काढली आणि निगडीमार्गे घर गाठलं. तोवर शेजारच्या काकूंनी लिंबू-मिरची सुचवून झाली होती. 'बाबासाहेबांच्या फोटोखाली लिंबू-मिरची बांधू?' बाबांनी विचारलं. विषय संपला.

त्याआधी बाबा कीबोर्ड एका दुकानात दाखवून आले होते. तिथला सल्ला असा: आधी फॅक्टरी रिसेट मारा, नाही जमलं तर मेन बोर्ड बदला, आणि खरं तर नवीनच घ्या. रिसेट ऐकायला सोपं वाटतं, पण त्यात मेमरी पुसली जाते. बाबांनी प्रत्येक गाण्याचा ठेका, लय, आवाज, पट्टी, सगळं त्या मेमरीत सेव्ह केलेलं. कितीतरी महिन्यांची मेहनत. म्हणून पहिलं काम केलं ते म्हणजे एक जुनी डायरी घेऊन ती सगळी सेटिंग्ज लिहून काढली. (तुमच्याकडे कीबोर्ड असेल तर हे आजच करा. प्लीज.)

मग सुरू झाली आमची डिटेक्टिव्हगिरी. फंडा साधा: एकेक संशयित बाजूला काढायचा. पहिला सस्टेनचा पेडल. कीबोर्ड सुरू करताना पेडलवर पाय पडलेला असेल, तर बरेच कीबोर्ड त्याची दाबलेली आणि सुटलेली स्थिती उलटी समजतात आणि सूर लोंबकळत राहतात. पेडल काढला, फरक शून्य. मग अडॅप्टर. मूळचा गेला की आपण बाजारातून कुठलाही आणतो. व्होल्ट जुळतात, पण पिनच्या मध्यभागी प्लस हवा की मायनस, ते छोटं चित्र कुणी बघत नाही. आम्ही अडॅप्टर काढून टॉर्चचे जाडे सहा सेल घातले. तरीही पांढरी चार हजर! म्हणजे अडॅप्टर निर्दोष.

आता खरी गंमत. सूर दर वेळी तोच. प्रोसेसर किंवा सॉफ्टवेअर बिघडलं, तर गोंधळ कुठेही होईल, ते एकाच पट्टीला कशाला चिकटून बसेल? ठरावीक अंतरावरच्या चार-पाच पट्ट्या एकदम वेड्यासारख्या वागल्या असत्या, तर मात्र आतल्या वायरिंगच्या जाळ्यावर किंवा चपट्या केबलवर संशय घ्यायचा. एकच पट्टी म्हणजे दुखणं त्या पट्टीच्याच खाली.

तिथे असतं काय? रबराची एक टोपी आणि तिच्या आत कार्बनच्या दोन टिकल्या. पट्टी दाबली की आधी एक टिकली सर्किटला टेकते, मग दुसरी. त्या दोन टेकण्यांमध्ये किती वेळ गेला, यावरून कीबोर्ड ठरवतो की तुम्ही हळुवार वाजवलंत की जोरात. दोन्हीमध्ये ओल शिरली तर तो वेळच उरत नाही, आणि सूर एकदम ठणकन वाजतो. बाबांचं ते 'चांगली जोरात' मला तेव्हा आठवलं.

सेल काढले, वायर काढली, कीबोर्ड चादरीवर पालथा घातला. स्क्रू ठेवायला इडलीपात्र घेतलं. हसू नका! कुठला स्क्रू कुठल्या खळग्यात ते कळतं आणि लांब स्क्रू आखूड जागी जात नाही. प्रत्येक टप्प्याचा फोटोही काढला. रबराची पट्टी उचलली, आणि खाली सर्किटवर तपकिरी, चिकट डाग. मी वास घेतला. आलं घातलेला चहा!

बाबा काही बोलले नाहीत. प्रॅक्टिसला चहाचा ग्लास कीबोर्डवर कोण ठेवतं, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. साखर हवेतली ओल धरते. त्यात देहूरोडची डिसेंबरची रात्र, आणि कीबोर्डवर प्लॅस्टिकचं कव्हर. दिवसा शहाण्यासारखं वागणारं यंत्र रात्री अडीचला का बडबडायचं, ते कळलं.

मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल तापकीर गल्लीतून आणलं होतं. कानकाडीने सर्किट पुसलं, रबर मऊ कापडाने अगदी हलक्या हाताने, कारण कार्बन घासला गेला की संपलं. तोंडाने फुंकायचं नाही, थुंकी उडते. मग सगळं वाळेपर्यंत वाट.

त्या वेळात मी बाबांना टीबी-303 ची गोष्ट सांगितली. रोलँड कंपनीचं 1981 मध्ये आलेलं बेसचं छोटं यंत्र. त्याचे सेल काढले की मेमरीतले सूर विस्कटून आपोआप भलतेच नमुने तयार व्हायचे. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये या यंत्रावर चक्क राग बसवून अख्खी रेकॉर्ड काढली. पुढे 1987 मध्ये शिकागोच्या पोरांनी त्याच्या विचित्र आवाजातून ॲसिड हाऊस उभं केलं. बिघाडाची फॅशनच!

'आमच्याकडे बिघाड झाला तर पब्लिक खुर्च्या उचलतं,' बाबा म्हणाले.

रात्री कीबोर्ड मुद्दाम चालू ठेवला आणि शेजारी मोबाइल रेकॉर्डिंगला लावला. सकाळी ऐकलं तर बाबांचं घोरणं, लांबून गेलेली रेल्वे, आणि बाकी काही नाही. डायरी उघडायची वेळच आली नाही, सेव्ह केलेलं सगळं जागच्या जागी होतं.

24 तारखेच्या प्रॅक्टिसला मीही गेले. ढोलकीवाल्या काकांचा ग्लास कीबोर्डकडे सरकला तसा बाबांनी तो उचलून खिडकीत ठेवला. कॉलेजचा पोरगा कोरसमध्ये बसला होता. तिसऱ्या गाण्यात अंतऱ्याला एक सूर चुकला. सगळ्यांच्या माना वळल्या. बाबांनी वाजवणं थांबवलं नाही. माझ्याकडे बघून ऐटीत म्हणाले, 'हा माझा होता!'