मानद पदे आणि सौजन्य : बुद्धिबळ संघटनांतील नेतृत्ववाद

डाव सुरू असताना प्रतिस्पर्ध्याचे लक्ष विचलित करणे वा त्याला त्रास देणे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या नियमांनुसार निषिद्ध आहे. खेळाडूचे वर्तन राखण्यासाठी पंच उपस्थित असतो. त्याच खेळाचा कारभार चालविणाऱ्या संघटनेच्या सभेत मात्र पंच नसतो. सभेचा अध्यक्ष हा पुष्कळदा वादातील एक पक्षच असतो. या संघटनांतील असभ्य वर्तनाचे मूळ व्यक्तींच्या स्वभावात शोधण्याची प्रथा आहे. ते अधिक करून या रचनेत आहे.

जिल्हा व राज्य पातळीवरील बहुतेक पदे मानद असतात. सचिव आपला व्यवसाय सांभाळून स्पर्धांची आखणी, नोंदणी व हिशेब पाहतो. वेतन नसल्यामुळे पद हाच मोबदला ठरतो, आणि 'मी इतकी वर्षे राबलो' ही भावना हळूहळू मालकीहक्काचे रूप घेते. अशा वेळी हिशेबाविषयी विचारलेला साधा प्रश्नही अपमान वाटू लागतो. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या संस्थेने पदाधिकाऱ्यांतील बदल नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयास कळवावयाचा असतो. वाद पेटला की दोन्ही गट आपापली सभा घेतात, आपापले बदल अर्ज दाखल करतात, आणि संस्था एक असूनही कार्यकारिणी दोन होतात. निर्णय लागेपर्यंत स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर सही कोणाची, हा प्रश्न खेळाडूच्या पालकांना पडतो!

राष्ट्रीय पातळीवर हेच घडले. 1951 साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघात 2019-20 मध्ये अध्यक्ष पी. आर. वेंकटरामा राजा आणि सचिव भरतसिंग चौहान यांचे दोन गट पडले व प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेले. याच काळात, ऑगस्ट 2020 मध्ये, भारतीय संघ ऑनलाइन ऑलिंपियाडमध्ये रशियासह संयुक्त विजेता ठरला, ही गोष्ट लक्षणीय आहे. जानेवारी 2021 मधील निवडणुकीत संजय कपूर यांनी राजा यांचा 33 विरुद्ध 31 असा पराभव केला. सचिवपदासाठी चौहान यांना 35, तर महाराष्ट्राचे रवींद्र डोंगरे यांना 29 मते मिळाली. चौसष्ट घरांच्या पटाप्रमाणे मतेही चौसष्टच. निकाल इतका निसटता असला की पराभूत पक्षास तो अंतिम वाटत नाही.

पुढील वाद न्यायालयात झाला, तो मात्र मतांच्या संख्येवर. विद्यमान पदाधिकाऱ्यास फेरनिवडीसाठी दोनतृतीयांश मते, म्हणजे येथे किमान 43, आवश्यक होती, हा मुद्दा दिल्ली उच्च न्यायालयाने जून 2022 मध्ये ग्राह्य धरला व चौहान यांना सचिवपदावरून दूर केले. चेन्नईजवळच्या मामल्लपुरम येथील ऑलिंपियाड तोंडावर आले असल्याने सर्वोच्च न्यायालयाने त्यांना 15 ऑगस्टपर्यंत काम पाहू दिले.

दोनतृतीयांशांची ही अट वरवर कोरडी, तांत्रिक भासते. परंतु तिच्यामुळे 'तुम्ही खुर्ची सोडत नाही' हा वैयक्तिक आरोप 'तुम्हाला आठ मते कमी पडली' या विधानात बदलतो, आणि अशा विधानाला उत्तर देताना आवाज चढविण्याची गरज उरत नाही. जिल्हा संघटनांच्या घटनांत कार्यकालाची मर्यादा, सभेच्या नोटिशीची मुदत आणि वादग्रस्त विषयासाठी त्रयस्थ सभाध्यक्ष यांची स्पष्ट तरतूद असल्यास पंचाची उणीव बरीचशी भरून निघते. ही दुरुस्ती वाद नसतानाच करावी लागते. एकदा दोन गट पडले की घटनादुरुस्तीची सभा कोणी बोलवावी, यावरच पहिला तंटा होतो.