उपसलेला गाळ जातो कुठे?

मुंबईच्या गेटवेवर उभे राहिले की पाणी मातकट दिसते. ती सगळी शहराची घाण नव्हे. ठाणे, पनवेल आणि धरमतरच्या खाड्या आपापला गाळ याच बंदरात आणतात. गोड्या पाण्यात सुटे तरंगणारे मातीचे बारीक कण खारे पाणी लागताच एकमेकांना चिकटतात, जड होतात. उधाणाला इथे पाणी सुमारे ५ मीटर चढते-उतरते. पाण्याला ओढ असते तोवर गाळ तरंगतो, पाणी थबकले की बसतो, ओढ लागली की पुन्हा उठतो. आम्ही कवी समुद्राचा तळ शांत असतो असे लिहितो. बंदराचा तळ मात्र दिवसातून चार वेळा हलतो.

या तळात जहाजांसाठी चर खणला की काय होते? तेवढेच पाणी जास्त खोलीतून जाते, म्हणून त्याचा वेग मंदावतो. आजूबाजूच्या उथळावरून सरकत आलेला गाळ चरात पडतो आणि त्याला पुन्हा उचलण्याचे बळ पाण्यात उरत नाही. चर प्रवाहाला आडवा असेल तर भरणा अधिकच. न्हावाशेवाचे बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. पुढे जहाजांचा आकार वाढला, तसा तिथला मार्ग आधी १४ आणि मग १५ मीटर पाण्यात बुडणाऱ्या जहाजांसाठी खोल करण्यात आला. खोली वाढली की दरवर्षीचा उपसाही वाढतो. हा खर्च एकदाचा नसतो, तो बंदराच्या जन्माला पुरतो.

लाखो घनमीटर गाळ काढला, अशा बातम्या आपण कौतुकाने वाचतो. तो टाकला कुठे, हे मात्र कुणी विचारत नाही. जवळच टाकला तर भरती त्यातला काही भाग परत आणून सोडते. तोच गाळ दुसऱ्यांदा उपसायचा! म्हणून टाकण्याची जागा प्रवाह मोजून ठरवावी लागते. १९१६ साली स्थापन झालेली, खडकवासल्याची केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था बंदरांच्या प्रतिकृती करून असा अभ्यास करते.

उपसताना आणि टाकताना पाण्यात गढुळाचा लोट उठतो. मासळी तिथून दूर सरते, आणि कालवे तर खडक सोडून पळूही शकत नाहीत. गाळ बसला की ती गुदमरतात. चराच्या खोलीचा हिशेब बंदराच्या वहीत असतो, कालवांचा हिशेब किनाऱ्यावरच्या कोळणीच्या टोपलीत. जागा ठरवताना ती टोपलीही पाहायला हवी, कारण खडकावर बसलेला गाळ उपसायला ड्रेजर येत नाही.