दिव्यांच्या तारांतील गुप्त गळती

गेल्या आषाढांत आमच्या घरीं एक चमत्कारिक प्रकार सुरू झाला. पहांटे वहिनींनीं न्हाणीघरांतील गीझर लावला, कीं क्षणांत सारें घर अंधारांत! आळ अर्थातच गीझरवर आला. परंतु दुरुस्तीवाला त्याला निर्दोष ठरवून गेला. तिसऱ्या दिवशीं वायरमन काकांना म्हणाला, "काका, ही आरसीसीबीच फार नाजूक आहे. तिला बायपास करून टाकतों." काका राजी होत आले होते. घरांत रांगणारें मूल आहे, हें आम्हीं त्यांच्या कानांवर घातलें, तेव्हां कोठें तो बेत राहिला.

ही आरसीसीबी म्हणजे घरचा चोख कारकून. फेजच्या तारेनें किती वीज गेली आणि न्यूट्रलच्या तारेनें किती परत आली, एवढाच हिशेब ती ठेवते. 30 मिलिअँपिअरची तूट दिसली कीं ती पुरवठा तोडते. कारण ती तूट माणसाच्या देहांतून जमिनींत जात असणेंही शक्य आहे.

मग ही तूट गीझर लागतांच कां यावी? वाचकहो, बहुतेक घरांत येथेंच फसगत होते. दिव्यांच्या सर्किटमध्यें न्यूट्रल तारेचें आवरण कोठें तरी जाऊन ती अर्थिंगला टेकली असेल, तर हलक्या भाराच्या वेळीं फारसें कांहीं बिघडत नाहीं. गीझरसारखा जड भार सुरू झाला, कीं परतणाऱ्या विजेचा एक हिस्सा त्या चोरवाटेनें जमिनींत उतरतो. दिव्याचें बटण बंद ठेवूनही उपयोग नाहीं, कारण तें फक्त फेज तोडतें. साध्या एकेरी एमसीबीचीही तीच कथा.

पुढें दुसरा, अनुभवी वायरमन आणविला. त्यानें मुख्य स्विच बंद केला, पुरवठा गेल्याची खात्री करून घेतली, सर्व बल्ब व पंख्यांचे रेग्युलेटर काढले, आणि प्रत्येक सर्किटची न्यूट्रल तार पट्टीपासून सोडविली. मग 500 व्होल्टचा मेगर लावला. धडधाकट सर्किटनें निदान 1 मेगओम तरी दाखवावा. गीझरच्या सर्किटनें पुष्कळ अधिक दाखविला. माजघर-देवघराच्या दिव्यांवर मात्र कांटा शून्याशीं चिकटला. जंक्शन बॉक्समधील तारा सोडवून त्यानें त्या सर्किटचे दोन भाग केले, सदोष भागाचे पुन्हा दोन.

असा शोध देवघराच्या भिंतीवरील पितळी दिव्यापाशीं येऊन थांबला. त्याच्या पोकळ दांडींत, जुन्या तापणाऱ्या बल्बांच्या उष्णतेनें तारांचें आवरण पापडासारखें कडक होऊन तडकलें होतें, आणि पावसाळी ओल आंत शिरली होती. न्यूट्रल उघडी पडून पितळेला टेकली होतीच. फेजच्या तारेलाही भेगा गेल्या होत्या. त्या दिव्याचें अर्थिंग ढिलें असतें आणि आरसीसीबी बायपास झाली असती, तर? आजी रोज सांजवेळीं निरांजन लावून त्याच दांडीला धरून उठते.

तारा बदलल्या, मेगरचा कांटा 100 मेगओमच्या पलीकडे गेला, आणि आरसीसीबी आपल्या जागीं राहिली. गीझरची मात्र अद्याप कोणीं क्षमा मागितलेली नाहीं.