दाढेवरील संरक्षक लेप : मुलांना रुळू देताना

रुग्णालयाच्या दंतविभागात लहान मुलांच्या दाढांवर सीलंट, म्हणजेच संरक्षक लेप, बसविण्यात येतात. लेप बसविण्यास काही मिनिटे पुरतात. मुलाला तो अंगवळणी पडण्यास मात्र काही दिवस लागतात. या दिवसांत घरी कोणती काळजी घ्यावी, याची माहिती पालकवर्गासाठी येथे देत आहोत.

वयाच्या साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी दुधाचा एकही दात पडत नाही. त्यामुळे पुष्कळ पालक तिलाही दुधाचीच समजतात आणि 'पडणारच आहे' म्हणून दुर्लक्ष करतात. वास्तविक ती आयुष्यभराची असते. तिच्यावरील खाचा इतक्या अरुंद असतात, की ब्रशचे केस तळापर्यंत पोहोचत नाहीत. कीड बहुधा तेथूनच सुरू होते. म्हणून दाढ स्वच्छ करून तिच्यावर आम्लयुक्त जेल काही सेकंद ठेवतात. नंतर ती धुऊन कोरडी करतात आणि पातळ रेझीन खाचांत भरून निळ्या प्रकाशाने घट्ट करतात. यात इंजेक्शन द्यावे लागत नाही. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या माहितीनुसार असे लेप मागील दाढांतील सुमारे 80 टक्के कीड दोन वर्षांपर्यंत रोखतात. अर्थात लेप शाबूत असेल तरच.

आम्ही व्यवस्थापनातील माणसे. दंतशास्त्र आमचा विषय नव्हे. तथापि एका प्रसंगाने आम्हांस बरेच शिकविले. लेप बसविलेली सात वर्षांची एक मुलगी 'दाढ उंच लागते' असे सांगत होती. 'होईल सवय' असे घरच्यांनी समजाविले. दूरध्वनीवर आमच्याकडूनही तेच उत्तर गेले. पंधरा दिवसांनी ती आली, तेव्हा एकाच बाजूने जेवत होती. डॉक्टरांनी तिला रंगीत कागद चावावयास दिला. लेप एका ठिकाणी खरोखरच किंचित उंच होता. तो घासून समतल करताच ती हसली. तक्रार खरी होती. ऐकून घेणारेच कमी पडले होते. तेव्हापासून लेप बसविल्यानंतर तिसऱ्या दिवशी आमच्याकडून घरी चौकशी केली जाते.

लेपाचा स्पर्श नवा असल्याने जीभ वारंवार तेथे जाते. हे स्वाभाविक असून बहुधा दोन-चार दिवसांत थांबते. त्यासाठी रागावू नये. 'तुझ्या दाढेला रेनकोट घातला आहे' असे सांगून आरशात लेप दाखवावा. मूल त्याला आपला मानू लागते. बर्फ चावणे, तसेच चिक्की व चिकट चॉकलेट टाळावे. ब्रश नेहमीप्रमाणे करावा. लेपामुळे दोन दातांमधील कीड थांबत नाही. चावताना उंचवटा जाणवत राहिला, किंवा दाढ दुखू लागली, तर वाट न पाहता दाखवावे.

आणखी एक विनंती. 'ऐकले नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील' अशी धमकी कृपया देऊ नये. 'अजिबात दुखणार नाही' या वाक्यातही मुलाला 'दुखणार' एवढेच ऐकू येते. काय होणार ते आधी सांगावे, मग दाखवावे, मग करावे, अशी आमच्या डॉक्टरांची रीत आहे. घरीही ती उपयोगी पडते.

लेप झिजतो, कधी त्याचा तुकडाही निघतो. म्हणून दर सहा महिन्यांनी तपासणी आवश्यक असते. वेळीच लक्षात आल्यास तो पुन्हा भरता येतो. साधारण बाराव्या वर्षी येणाऱ्या दुसऱ्या दाढेसाठीही मुलाला पुन्हा याच खुर्चीत बसावयाचे असते. पहिल्या खेपेस ज्याचे म्हणणे ऐकले गेले, ते मूल आपणहून येते. ज्याला गप्प बसविले, ते दाढ किडली तरी सांगत नाही. जमाखर्चाच्या भाषेत बोलावयाचे, तर मुलाचा विश्वास ही आमची ठेव आहे. ती सांभाळण्यात पालकांनी आम्हांस साथ द्यावी, ही नम्र विनंती.