आवतण गेलं नाही, तर माणसं येणार कशी?

आज कर्जाचा हप्ता, बँकेचं खातं असलं काही बोलणार नाही. आपण कार्यक्रम बसवतो, मंगळागौरीचे खेळ, भारूड, छोटं नाटक. आणि बघायला माणूस येत नाही. ते का, आणि काय केलं तर येतं, एवढंच बोलू.

दोन वर्षांपूर्वी आमच्या सहा गटांनी श्रावणात कार्यक्रम ठेवला. बावीस बायका महिनाभर रात्री जेवणं उरकून शाळेच्या व्हरांड्यात तालीम करत होत्या. साठी ओलांडलेल्या एक काकू नाथांचं विंचवाचं भारूड करणार होत्या. जन्मात कधी स्टेजवर चढलेल्या नाहीत, पण तालमीत त्यांनी आम्हाला पोट धरून हसवलं. दोनशे खुर्च्या भाड्यानं आणल्या. मंडप, साउंड, सगळं वर्गणीतनं. आणि आले किती? मोजून सदतीस. त्यातले निम्मे आमच्याच घरचे. काकूंनी भारूड केलं, पण रिकाम्या खुर्च्यांपुढं विंचू तरी कसा चढणार? खाली उतरल्या आणि म्हणाल्या, ‘‘पुढच्या वर्षी आधी माणसं दाखवा, मग मी विंचू दाखवते.’’

त्यानंतर बैठकीत आम्ही एकमेकींवर खापर फोडलं. मग शांत बसून विचार केला, तेव्हा चुका दिसल्या.

पहिली चूक तारखेची. आम्ही तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयातनं काढली, शेतातनं नाही. त्या वर्षी पाऊस उशिरा आला होता. वरच्या अंगाच्या गावांत भातलावणी चालूच होती. दिवसभर चिखलात वाकलेली बाई संध्याकाळी फुगडी बघायला कशी येईल? त्यात कार्यक्रम संध्याकाळी सहाला. परतीची एसटी नाही. धारेची वेळ तीच.

भाताच्या मुलखात हे कसं जमवतात ते बघायचं असेल, तर लांब विदर्भात बघा. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या भागाला झाडीपट्टी म्हणतात. तिथंही आपल्यासारखंच भात. तिथली नाटकं दिवाळीनंतर सुरू होतात, म्हणजे पीक हाताशी आल्यावर. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा गावात नाटक मंडळ्यांची कार्यालयं आहेत, गावोगावची माणसं तिथं जाऊन नाटक ठरवतात. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, आणि रात्रभर नाटक. ज्या गावात नाटक असतं तिथली घरं पाहुण्यारावळ्यांना आवतण धाडतात. पाहुणे मुक्कामाला येतात, पोरापोरींची स्थळंसुद्धा त्यातच बघितली जातात. म्हणजे जाहिरात नाटकवाले एकटे करत नाहीत, अख्खं गाव करतं. मला हे कळलं तेव्हा वाटलं, आपण उगाच फ्लेक्सवर पैसे घातले.

फ्लेक्सचं सांगते. आमच्या फ्लेक्सवर वरच्या बाजूला मान्यवरांचे फोटो, मध्ये शुभेच्छुकांची नावं, आणि खाली कोपऱ्यात ‘सांस्कृतिक कार्यक्रम’. सांस्कृतिक म्हणजे काय? भाषण की नाच की वृक्षारोपण? नाचणाऱ्या बावीस जणींपैकी एकीचंही नाव नव्हतं. आता आपल्याच जिल्ह्यातल्या तमाशाच्या फडांकडं बघा. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला पाडव्याच्या आसपास फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावची पुढारी मंडळी तिथं येतात, आपल्या जत्रेची सुपारी ठरवतात, इसार देतात. प्रत्येक राहुटीवर ठळक काय असतं? फडाचं नाव, म्हणजे कलावंताचं नाव. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर, एवढी अक्षरं वाचली की माणसं ठरवायची, जायचं. त्या २००२ साली गेल्या. आज राज्य सरकार त्यांच्या नावानं तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं. नावाचं वजन एवढं असतं.

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठं विठाबाई! बरोबर आहे. पण आपल्या गावापुरतं आपलंही नाव असतं. म्हणून यंदा आम्ही कागदावर प्रत्येकीचं नाव लिहिलं आणि पुढं दोन गावं लिहिली, सासरचं आणि माहेरचं. बावीस बायका म्हणजे बावीस माहेरं. माहेरच्या गावात कागद लागला की भावजय म्हणते, आमच्या वन्सं आहेत यात, बघून येऊ. दोघींनी फोटो लावू नका म्हणून सांगितलं, एकीनं नावही नको म्हटलं. त्यांचं आम्ही ऐकलं. हे विचारल्याशिवाय करू नका. ‘बायका नाचणार’ असं कुचकं बोलणारी तोंडं प्रत्येक गावात आहेत. तमाशातल्या बाईच्या नावावर जत्रा भरवायची आणि माघारी तिलाच नावं ठेवायची, ही जुनी खोड. म्हणून आवतणातच एक ओळ घातली: मोबाईलवर शूटिंग करायला मनाई आहे. या ओळीनं प्रेक्षक कमी होतील असं एकजण म्हणाला होता. झालं उलटं. सुनांना घेऊन सासवा निर्धास्त आल्या. आणि पहिल्या रांगेतल्या खुर्च्या आम्ही मान्यवरांना नाही, सासूबाईंना दिल्या. सासूबाईंना मानाचं बोलावणं गेलं की सुनेला परवानगी मागावी लागत नाही!

दुसरी मोठी चूक व्हॉट्सॲपची. ‘कार्यक्रम आहे, सर्वांनी उपस्थित राहावे’ असा निरोप ग्रुपवर टाकला आणि आपलं काम झालं समजलो. पण फोन असतो कुणाच्या हातात? बऱ्याच घरात मालकांच्या, नाहीतर पोराच्या. निरोप फोनमध्ये पोचला, बाईपर्यंत पोचलाच नाही. ज्यांच्यापर्यंत पोचला त्यांना काही कळलं नाही, कारण त्यात किती वाजता सुटणार, पोरं आणली तर चालतील का, पैसे पडतात का, यातलं काही नव्हतं. घरातनं निघणाऱ्या बाईला पहिला प्रश्न हाच असतो, परत कधी येशील? त्याचं उत्तर आवतणातच पाहिजे.

यंदा आम्ही लिहिण्याऐवजी बोललो. काकूंच्याच आवाजात निरोप भरला. ‘‘मी विंचवाचं भारूड करणार आहे. दुपारी एक वाजता शाळेच्या पटांगणात या, चारला मोकळ्या व्हाल, धारेच्या आत घरी. पोरं आणा. कुपन दहा रुपये, त्यात चहा आहे.’’ अर्ध्या मिनिटात संपतं. ज्यांना वाचायचा कंटाळा, त्याही ऐकतात. घरातल्या फोनवर वाजलं की चुलीपाशी बसलेलीलाही ऐकू जातं. पंधरा दिवस आधी एकदा, तीन दिवस आधी एकदा आणि त्या दिवशी सकाळी एकदा. जास्त नाही, नाहीतर लोक ग्रुपच बंद करतात.

पण खरं काम तोंडी बोलावण्यानं होतं. सकाळी दूध घालायला डेअरीवर, गिरणीत, रेशनच्या रांगेत, अंगणवाडीच्या दारात. प्रत्येकीनं पाच घरं वाटून घेतली आणि लग्नाच्या आमंत्रणाला जातो तशी अक्षता देऊन सांगून आली. बाजाराच्या दिवशी आमच्या दोघींनी बाजारात पाच मिनिटं फुगडी घातली, एकीनं हलगी वाजवली. आंबा विकताना फोड चाखायला देतात ना, तसं. पोलीस ठाण्यात आधी सांगून ठेवलं होतं. स्पीकरची परवानगी तर कार्यक्रमालाही लागतेच, आणि रात्री दहानंतर स्पीकरला बंदी आहे. रात्रीचा कार्यक्रम ठेवणार असाल तर हे धरून चाला.

कुपनावरनं आमच्यात भांडण झालं. गोरगरिबांकडनं दहा रुपये कशाला, असं काहींचं म्हणणं. माझं मत वेगळं आहे. फुकटचं आवतण बाई विसरते, दहा रुपयांचं कुपन ती डब्यात जपून ठेवते आणि त्या दिवशी आठवणीनं येते. शिवाय किती कुपनं गेली त्यावरनं खुर्च्या किती सांगायच्या ते कळतं. मराठी नाटकाचंही असंच झालं होतं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं, ते राजांच्या आश्रयानं. तिथं तिकिटाची गरज नव्हती. राजे गेले, आश्रय सुटला, आणि १८५३ साली मुंबईत त्यांना तिकीट लावून, वर्तमानपत्रात जाहिरात देऊन प्रेक्षक गोळा करावे लागले. आपल्यामागं तर कुठलाच राजा नाही.

तारीख यंदा आम्ही गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवसाची धरली. लावणी उरकलेली, कापणीला अवकाश, आणि पुण्या-मुंबईला गेलेली घरं गौरी-गणपतीला गावात आलेली असतात. आता दरवर्षी हाच दिवस ठेवणार आहोत. भोरच्या राजवाड्यातल्या रामनवमीच्या उत्सवाची तारीख कुणी कुणाला सांगत नाही, तसं आपलंही व्हायला पाच-सात वर्षं जातील, जाऊ देत.

कार्यक्रमाच्या दिवशी पाऊण वाजता काकू पडदा बाजूला करून खुर्च्या मोजत होत्या. दीडशेपर्यंत मोजल्या, मग माणसं भिंतीकडेला उभी राहायला लागली तशी मोजायचं सोडून पदर खोचायला गेल्या.

एक गोष्ट मात्र आम्हाला अजून जमलेली नाही. धरणापलीकडच्या तीन गावांत आवतण गेलं, कुपनं खपली, पण वडापवाल्यानं ऐनवेळी दुसरं भाडं घेतलं आणि बायका रस्त्यावर वाट बघून घरी गेल्या. त्यांचे पैसे आम्ही परत केले. कुठल्या गटानं अशा गावांसाठी गाडीची सोय कशी केली असेल, इसार किती दिला, भाडं कसं वाटून घेतलं, ते प्रभागसंघाच्या पुढच्या बैठकीत मला गाठून सांगा. गौरीच्या आत ठरवायचंय.